पेशी, स्नायू आणि ऊती : प्रयोगशाळेतील हृत्स्नायूची घडण

'प्रयोगशाळेत मानवी हृदय तयार' अशा धर्तीचे मथळे मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. मथळ्याखालील मजकूर बारकाईने वाचला तर असे आढळते की, तयार झालेली वस्तू हृदय नव्हे. ती हृदयाच्या स्नायूची एक चिंचोळी पट्टी असते, आणि तीही रुग्णाच्या छातीत बसविण्यासाठी नसून बहुधा बशीत ठेवून अभ्यासण्यासाठी असते. हा घोटाळा केवळ वार्ताहराचा नव्हे, काही अंशी शब्दांचाही आहे. पेशी, स्नायू आणि ऊती हे तीन शब्द एकमेकांपासून नीट वेगळे करून घेतल्यावाचून हा विषय उलगडत नाही. कारण प्रयोगशाळेतील सारा खटाटोप या पहिल्या शब्दापासून तिसऱ्या शब्दापर्यंत पोहोचण्याचाच आहे.

मराठीत 'पेशी' म्हणजे सजीव देहाचा सर्वांत लहान घटक, आणि 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडविणारे मांस. हिंदीत मात्र पेशी म्हणजे स्नायू. 'मांसपेशी' हा शब्द तर तेथे रोजच्या बोलण्यातला आहे, आणि मराठी पेशीला हिंदीचा प्रतिशब्द 'कोशिका' असा आहे. जुन्या संस्कृत वैद्यकाची साक्ष काढली तर कौल हिंदीच्या बाजूने पडतो. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू मोजले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पिंड आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, असाच अर्थ घ्यावा लागतो. बंगालीत हाच 'स्नायु' शब्द मज्जातंतूसाठी रूढ झाला. एकाच घरातून निघालेले शब्द प्रांतोप्रांती असे वेगवेगळ्या कामाला लागले. यात कोणाचे चुकले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या विद्यापीठात विद्यार्थी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतील पुस्तके एकाच मेजावर उघडून बसतात, तेथे 'हृत्पेशी' हा शब्द एकाला हृदयातील एक सूक्ष्म घटक वाटावा आणि शेजारच्याला हृदयाचा अख्खा स्नायू वाटावा, हे सहज घडू शकते. आणि नेमका हाच फरक या संशोधनात निर्णायक आहे.

तिसरा शब्द 'ऊती'. समान जातीच्या, ठरावीक रचनेने एकत्र आलेल्या आणि एकच कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास मराठी शालेय पुस्तके ऊती म्हणतात. हा शब्द 'वे' म्हणजे विणणे या संस्कृत धातूशी जोडलेला आहे. 'ऊत' म्हणजे विणलेले. (वेदातील 'ऊति' म्हणजे रक्षण, साहाय्य; तो शब्द निराळ्या धातूचा आहे आणि त्याचा येथे संबंध नाही.) परिभाषा घडविणाऱ्यांनी ही निवड युरोपीय शब्दाकडे पाहूनच केली असावी. झाव्हिये बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देहाचे एकवीस प्रकारच्या ऊतींत वर्गीकरण केले, तेही सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता. आणि त्यांना त्याने जो फ्रेंच शब्द लावला, 'तिस्यू', त्याचाही अर्थ विणलेले कापड असाच होतो. इंग्रजीतला टिश्यू तेथूनच आला. ऊतिशास्त्राच्या 'हिस्टॉलॉजी' या नावातील ग्रीक 'हिस्तोस' म्हणजे माग अथवा मागावरचे वस्त्र. तिन्ही भाषांना विणकामच आठवावे, हा निव्वळ योगायोग नव्हे. पेशींची रास आणि ऊती यांत जो फरक आहे तो सुताचा गुंडा आणि वस्त्र यांतल्या फरकासारखा आहे.

हृदयाच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. हृदयविकाराच्या एका मोठ्या झटक्यात डाव्या जवनिकेतील सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी मरतात, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. त्वचा फाटली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर तेही बरेचसे पूर्ववत होते; हृदयात मात्र मेलेल्या स्नायूच्या जागी वण तयार होतो. वण हृदयाला फुटू देत नाही एवढाच त्याचा उपयोग. तो आकुंचन पावत नाही. मानवी हृदयाच्या पेशी जन्मानंतर नव्या होतात की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ वादात होता आणि त्याचे उत्तर एका अनपेक्षित दिशेने आले. १९६३ च्या आंशिक चाचणीबंदी करारापूर्वी वातावरणात जे अणुस्फोट करण्यात आले, त्यांनी हवेतील किरणोत्सर्गी कार्बन-१४ चे प्रमाण वाढविले. करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेतील कार्बनाची मुद्रा तिच्या केंद्रकाम्लात उमटते. स्वीडनमधील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या मुद्रेवरून हृदयपेशींचे वय काढले. पंचविसाव्या वर्षी दरसाल सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तराव्या वर्षी अर्धा टक्काही होत नाहीत, असे त्यांच्या गणिताने दाखविले. म्हणजे नवनिर्मिती आहे, परंतु झटक्याने झालेली हानी भरून काढण्यास ती सर्वथा अपुरी आहे.

यातून दोन गरजा निर्माण होतात. एक, नष्ट झालेला स्नायू बाहेरून पुरविता येईल काय हे पाहणे. ही गरज सर्वांच्या ध्यानात येते. दुसरी गरज कमी प्रसिद्ध पण अधिक तातडीची आहे : जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून त्यावर औषध घालून पाहता येत नाही, तेव्हा त्याचा प्रतिनिधी म्हणून वापरता येईल असा मानवी हृत्स्नायू प्रयोगशाळेत असणे.

या इतिहासाचा आरंभ कोंबडीच्या अंड्यात आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक कण घेऊन तो काचपात्रात वाढविण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्राबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लोकांच्या कल्पनेत शिवण्याच्या तंत्रापेक्षा हे 'अमर हृदय'च अधिक ठसले. हे संवर्धन चौतीस वर्षे चालले. कॅरेल १९४४ मध्ये वारले आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते थांबविण्यात आले. पुढे १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखविले की, सामान्य मानवी पेशी पन्नासच्या आसपास विभाजनांनंतर थांबतात. कॅरेल यांचा प्रयोग इतरांना तसाच करून दाखविता आला नाही. पोषणासाठी जो गर्भाचा अर्क वेळोवेळी घातला जाई, त्यातून ताज्या पेशी पात्रात शिरत असाव्यात, हे त्याचे बहुमान्य स्पष्टीकरण होय. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या पात्रात वर्षानुवर्षे वाढत राहिले ते हृदयाचे स्नायू नव्हतेच. त्या संयोजी ऊतीच्या तंतुजनक पेशी होत्या. स्पंदन तर पहिल्या काही काळातच थांबले होते. जगाने ज्याला हृदय म्हटले त्यात हृदयाचे कार्य उरलेच नव्हते. मथळ्यांचा इतिहास असा जुना आहे.

कोंबडीच्या गर्भाचे संवर्धन महाराष्ट्रातही रुजले, आणि त्याचे श्रेय पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील डॉ. लीला मुल्हेरकर यांच्याकडे जाते. एडिंबरा येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९५० च्या दशकात काम केले. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेली, काचेच्या वलयावर पीतकाचे आवरण ताणून त्यावर गर्भ वाढविण्याची पद्धत त्याच काळातली. मायदेशी परतल्यावर मुल्हेरकरांनी गर्भसंवर्धनाची परंपरा पुण्यात उभी केली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर तयार केल्या. उबवणीच्या सुमारे दीड दिवसाने, रक्ताचे अभिसरण सुरू होण्यापूर्वीच, त्या गर्भातील एक वाकडी नळी फडफडू लागते. ज्याने हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे त्याला एक गोष्ट कायमची समजते : स्पंदन हा हृदयपेशीचा स्वभावच आहे. मज्जेचा हुकूम नको, रक्ताचा पुरवठा नको, शेजारीसुद्धा नको; सुटी केलेली एकटी गर्भपेशीही बशीच्या तळाला चिकटून ठोके देते.

तेव्हा प्रयोगशाळेत 'धडधडणारे' काहीतरी तयार होणे ही या विषयातील अवघड गोष्ट नव्हे. ती सर्वांत सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते या सुट्या ठोक्यांचे एका दिशेने, एका वेळी ओढणाऱ्या वस्त्रात रूपांतर होणे. बशीच्या सपाट तळावर पेशी पसरतात, आडव्यातिडव्या ठोके देतात, आणि त्यांचे बळ एकमेकांत विरून जाते. हृदयाच्या भिंतीत त्या लांबट, समांतर आणि टोकाला टोक जोडून असतात. त्यांच्यातील आकुंचनाचे सूक्ष्म एकक, ज्याला सार्कोमिअर म्हणतात, ते रांगेने बसलेले असते. ही रांग कशाने लागते?

उत्तर 'ताण' या शब्दात आहे. हॅम्बर्गमधील औषधशास्त्रज्ञ थॉमस एशेनहागेन यांनी वुल्फ्राम-ह्युबर्टस त्सिमरमान, अमेरिकेतील एलियट एल्सन आदी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. कोंबडीच्या गर्भातील हृदयपेशी सुट्या करून त्या द्रवरूप कोलॅजेनमध्ये मिसळावयाच्या, मिश्रण साच्यात ओतावयाचे, आणि ते गोठून तयार झालेली पट्टी दोन टोकांना बांधून ठेवावयाची. काही दिवसांत पेशी आपल्याभोवतीचे जाळे आवळू लागतात. पट्टी आक्रसू पाहते, पण टोके बांधलेली असल्यामुळे आक्रसू शकत नाही. या अडवणुकीतून ताण उत्पन्न होतो, आणि पेशी त्या ताणाच्या रेषेत लांबट होऊन रांगेने बसतात. कोणी त्यांना बसवीत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकास हे समजावयास कठीण जाऊ नये. हिमरू असो की पैठणची पैठणी, मागावर प्रथम ताणा ओढून बसवावा लागतो; ताणा ढिला असेल तर बाण्याचा रंग, रेशीम, नक्षी सारे व्यर्थ. 'ताणा', 'ताण', 'तंतू' आणि 'तंत्र' हे सर्व शब्द 'तन्' म्हणजे ताणणे या एकाच धातूचे. संस्कृतात 'तंत्र' या शब्दाचा एक जुना अर्थच माग असा आहे. उपमेची मर्यादाही सांगून टाकावयास हवी. विणकराला प्रत्येक धागा स्वतः ओवावा लागतो. येथे संशोधक केवळ खुंट्या रोवतो आणि धागे आपले आपण विणले जातात. याच संदर्भात 'ओतप्रोत' हा शब्द आठवतो. मराठी बोलणाऱ्याला त्यात 'ओतणे' ऐकू येते आणि काठोकाठ भरलेले असा अर्थ तो घेतो. व्युत्पत्तीने मात्र ओत आणि प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले. हृत्स्नायूच्या या पट्टीला दोन्ही अर्थ लागू पडतात. ती ओतली जाते, आणि मग विणली जाते.

आज हॅम्बर्ग पद्धतीची पट्टी जशी घडवितात तिचे वर्णन केले म्हणजे प्रक्रियेची कल्पना येईल. ॲगरोजच्या जेलमध्ये एक लहानशी खाच पाडतात. तीत वरून सिलिकोन रबराच्या दोन लवचिक खुंट्या सोडतात. सुमारे दहा लाख पेशी, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन यांचे मिश्रण खाचेत ओततात. एकूण आकारमान थेंबाथेंबांनीच मोजण्याएवढे, म्हणजे मिलिलिटरचा सुमारे दहावा भाग. जखमेवर रक्त साकळते त्याच रासायनिक क्रियेने हे मिश्रण तास-दोन तासांत गोठते आणि खुंट्यांना घट्ट धरते. मग खुंट्या वर उचलून, त्यांना लटकलेली पट्टी पोषक द्रवात सोडतात. पहिले काही दिवस येथे-तेथे सुटी थरथर दिसते. आठवडा-दहा दिवसांत संपूर्ण पट्टी एका लयीत आकुंचन पावू लागते आणि प्रत्येक ठोक्याला दोन्ही खुंट्या किंचित जवळ येतात. खुंटी किती वाकली हे कॅमेऱ्याने टिपून, रबराची ताठरता माहीत असल्यामुळे, ओढीचे बळ गणिताने काढता येते. हृदयाचे बळ अशा रीतीने आकड्यांत वाचता येणे, हाच या उपकरणाचा खरा लाभ होय.

एक गोष्ट आरंभीच्या संशोधकांना चकित करणारी ठरली. स्नायूपेशी जितक्या शुद्ध घ्याव्यात तितकी पट्टी चांगली होईल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात निव्वळ स्नायूपेशींची पट्टी दुबळी निघते. तंतुजनक पेशींची भर घातली तरच ती नीट बांधली जाते. ज्या पेशींनी कॅरेल यांच्या पात्रात हृदयाची जागा बळकावली होती, त्यांच्यावाचून हृत्स्नायूचे वस्त्र विणले जात नाही, असा हा उलटा न्याय आहे. जाडीची मर्यादा मात्र अजून सुटलेली नाही. रक्तवाहिन्या नसताना प्राणवायू द्रवातून ऊतीत एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंतच समाधानकारकपणे झिरपतो. मानवी डाव्या जवनिकेची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. 'हृदय तयार' या शब्दांच्या आड येणारा हा सर्वांत मोठा डोंगर आहे. मृत प्राण्याच्या हृदयातील सर्व पेशी धुऊन काढून उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी भरण्याचा प्रयोग मिनेसोटात डोरिस टेलर, हॅराल्ड ओट आदींनी २००८ मध्ये उंदराच्या हृदयावर केला. ते हृदय ठोके देऊ लागले, पण त्याचे बळ प्रौढ हृदयाच्या मानाने अत्यल्प होते.

कोंबडी आणि उंदीर यांच्यावरून माणसाकडे येण्यास मानवी हृदयपेशी हव्यात, आणि त्या मिळावयाच्या कोठून? १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स टॉमसन यांनी मानवी गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतून मूलपेशींचे वंश वेगळे केले. २००१ साली अमेरिकन शासनाने संशोधनास मान्य केलेल्या अशा वंशांच्या यादीत मुंबई परिसरातील एका खाजगी प्रयोगशाळेचे सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन वंश होते, ही बाब आज विस्मृतीत गेली आहे. पुढे परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्याने, 'काइंड-१' आणि 'काइंड-२' असे दोन मानवी वंश सिद्ध करून २००९ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यांपासून हृदयाकडे वळणाऱ्या पेशी मिळविण्याचेही काम तेथे झाले. दोन वंश वाढविले की ते एकसारखे वागत नाहीत, एकाचा कल एका ऊतीकडे तर दुसऱ्याचा दुसरीकडे असतो, हे त्या अभ्यासांतून दिसून आलेले तथ्य सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु ज्याला आठवड्यामागून आठवडे तीच पट्टी तशीच घडवावयाची आहे त्याची निम्मी डोकेदुखी यातच आहे.

दरम्यान क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले; त्यासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. गर्भाचा नैतिक प्रश्न यामुळे बाजूला पडला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमुक एका माणसाचा हृत्स्नायू त्याच्याच त्वचेपासून अथवा रक्तापासून घडविणे शक्य झाले. मूलपेशीला हृदयपेशी बनविण्याची रीत भ्रूणशास्त्राने शिकविलेली आहे. गर्भात ज्या संदेशांच्या क्रमाने हृदय उमलते तोच क्रम बशीत द्यावयाचा : प्रथम 'विंट' नावाचा संदेशमार्ग एका रसायनाने चेतवावयाचा, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याने तोच मार्ग बंद करावयाचा. शॉन पालेचेक यांच्या गटाने २०१२ मध्ये ही दोन रसायनांची पद्धत रूढ केली. आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास बशीत ठोके दिसू लागतात. मग द्रवातील ग्लुकोज काढून घेऊन त्याऐवजी लॅक्टेट देतात. हृदयपेशी त्यावर तग धरतात, इतर बहुतेक मरतात. उपाशी ठेवून निवड करण्याची ही जपानी युक्ती २०१३ ची.

अशा रीतीने मिळालेल्या पेशी मात्र प्रौढ नसतात. रूपाने आणि वृत्तीने त्या गर्भावस्थेतल्याच असतात. त्या आपसूक ठोके देतात, आणि वाचकाला हे गुण वाटले तरी ते दोषाचे लक्षण आहे. प्रौढ जवनिकेची पेशी संदेश येईपर्यंत स्वस्थ राहते. प्रौढ हृदय मुख्यतः मेदाम्ले जाळून शक्ती मिळविते, या पेशी शर्करेवर जगतात. त्यांचे सार्कोमिअर आखूड असतात आणि बळ प्रौढ स्नायूच्या मानाने अल्प असते. पट्टीतला ताण त्यांना काही अंशी मोठे करतो. कोलंबिया विद्यापीठात गॉर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखविले की, पट्टी लवकर बांधून तिला विजेच्या ठोक्यांनी दिवसेंदिवस अधिक वेगाने धावावयास लावले तर चार आठवड्यांत तिच्यात प्रौढत्वाची पुष्कळ लक्षणे येतात. तालमीने शरीर घडते, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. तरीही पूर्ण प्रौढ हृत्स्नायू अद्याप कोणाला घडविता आलेला नाही.

मग अशा अर्धवट वयाच्या पट्टीचा उपयोग काय? पहिला उपयोग औषधांच्या परीक्षेचा. ॲलर्जीवरील टर्फेनाडिन हे औषध वर्षानुवर्षे लाखो लोकांनी घेतले. विशिष्ट परिस्थितीत ते हृदयाची लय घातकपणे बिघडविते असे उघड झाल्यावर १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते गेले. उंदराचे हृदय मिनिटाला सुमारे सहाशे ठोके देते, माणसाचे सत्तर-बहात्तर; दोहोंचे विद्युत्प्रवाहही भिन्न. उंदराने दिलेली ग्वाही माणसाच्या हृदयाला लागू पडेलच असे नाही. मानवी पेशींची पट्टी या कामी अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते. भारतातही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अशा पेशीजन्य पद्धतींचा पुरावा ग्राह्य धरण्यास वाट मोकळी झाली आहे.

दुसरा उपयोग भारतीयांशी अधिक निकटचा आहे. हृत्स्नायूत मायोसिन या प्रथिनाला बांधून त्याच्या ओढीचे नियमन करणारे एक प्रथिन असते. त्याचे जनुक 'एमवायबीपीसी-३' या नावाने ओळखले जाते. या जनुकाच्या एका मध्यखंडातील पंचवीस अक्षरे गळालेली असली तर प्रथिनाचे शेवटचे टोक बिघडते. पेरुंदुराई धंडपाणी, हैदराबादचे के. तंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, हा दोष भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि तो असणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे सातपट असतो. उपखंडाबाहेरच्या बहुतेक लोकसमूहांत तो जवळजवळ नाहीच. शंभरांच्या वर्गात चौघे, असे हे प्रमाण. तारुण्यात बहुधा कसलेही लक्षण दिसत नाही. त्रास उतारवयाकडे झुकताना सुरू होतो, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या गाळला न जाता चालत आला.

परंतु चौघांपैकी चौघांनाही विकार होत नाही, आणि का होत नाही हा खरा प्रश्न आहे. सक्थिवेल सदयप्पन यांच्या गटाने अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असे मांडले की, पंचवीस अक्षरे गळालेल्या व्यक्तींपैकी दहा टक्क्यांच्या आतबाहेर लोकांत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, आणि ज्यांत दोन्ही असतात त्यांचे हृदय प्रमाणाबाहेर जोराने आकुंचन पावते. त्या व्यक्तींपासून घडविलेल्या हृदयपेशींतही वाजवीपेक्षा अधिक वाढ आणि कॅल्शियमच्या चढउतारांतील अनियमितपणा दिसून आला. येथे बशीतल्या पेशीने जे सांगितले ते केवळ रक्तचाचणी सांगू शकली नसती. ज्या बदलाचे रुग्ण प्रामुख्याने याच भूभागात आहेत, त्यावरचा स्नायूही येथल्याच लोकांच्या पेशींपासून आणि शक्य तर येथल्याच प्रयोगशाळांत घडावयास हवा; युरोपीय दात्यांच्या पेशींवर केलेली लक्षावधी निरीक्षणे या चार टक्क्यांविषयी मौनच पाळणार. विद्यापीठीय विभागांना यात भाग घेण्यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागतातच असे नाही. साचा, खुंट्या आणि कॅमेरा यांचा खर्च माफक असतो. महाग आहेत त्या पेशी, द्रव, आणि न चुकता रोज पात्राकडे पाहणारा माणूस.

आता राहिला उपचाराचा भाग, आणि तो लांबणीवर टाकूनच सांगणे योग्य होते. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या घरी 'मूलपेशी' हा शब्द पोहोचतो तेव्हा त्यामागे फार मोठी आशा असते, आणि त्या आशेवर व्यापार करणारेही असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे, रक्तविकारांसाठीचे मान्य रोपण वगळता, मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येत नाही. शिरेतून टोचलेल्या सुट्या पेशी आणि वर वर्णिलेली विणलेली ऊती या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. जाहिरातीत मात्र दोहोंना एकच शब्द पुरतो. पेशी हृदयात सोडल्या तर त्या स्वतःच्या लयीने चालू लागून मूळ लय बिघडविण्याचा धोका असतो. सिॲटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाला २०१४ मध्ये माकडांत त्या जगल्या, आजूबाजूच्या स्नायूशी जोडल्या गेल्या, पण काही काळ अनियमित ठोकेही दिसले.

पट्टीच्या रूपाने हा प्रयत्न सध्या चाचणीच्या अवस्थेत आहे. जपानमध्ये ओसाका येथे योशिकी सावा यांनी जानेवारी २०२० मध्ये अशा पेशींचा पातळ पापुद्रा एका रुग्णाच्या हृदयावर बसविला. जर्मनीत ग्योटिंगन येथे त्सिमरमान यांच्या गटाने कोलॅजेनमधील हृत्स्नायूचे तुकडे आधी माकडांवर पारखले आणि मग चाचणीत माणसांवर बसविले. त्याचा वृत्तांत जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला तीन महिन्यांनी दात्याचे हृदय मिळाले, आणि तिचे काढलेले हृदय अभ्यासकांना तपासता आले. बसविलेल्या तुकड्यातील स्नायूपेशी जिवंत होत्या आणि यजमान हृदयाच्या रक्तवाहिन्या त्यात शिरल्या होत्या. प्रौढ मानाने त्या पेशी अजून लहानच होत्या.